बाई म्हणाल्या, डावीकडे वळा

पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातलं मी काहीही रचलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की आपण रात्र धरून चालतो. ही गोष्ट दुपारची आहे. नुकतीच जेवणं झाली होती. भांडी अजून ओट्यावरच होती. आणि बाहेर धुकं असं दाटलं होतं की फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

आमचं घर टेकडीवरच्या नव्या वसाहतीत. शहर खाली. मधे नुसती वळणं.

घरात चौघं. लेक, जावई, नात आणि मी. नातीला आम्ही चिमणी म्हणतो, कारण तिची चिवचिव झोपेतही थांबत नाही.

निदान तेव्हा तरी थांबत नव्हती.

आधी गाडीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

लेकीने त्या हिवाळ्यात एक जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे दुसऱ्याने वापरलेली, पण दिसायला चकचकीत. स्टिअरिंगच्या शेजारी रस्ता दाखवणारा मोठा पडदा होता. कंपनीनेच बसवलेला. लेक त्याच्यावरच भाळली.

जावयाचं मत वेगळं. त्याच्याकडे काचेला चिकटवायचं एक सुटं यंत्र होतं. तळहाताएवढं. रबरी बूड काचेवर दाबायचं, वायर खाली खोचायची, की झालं काम सुरू.

त्यावरून दोघांची रोज जुंपायची. शेवटी आम्ही सगळे गाडीचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, हाच न्याय करेल.

मिस्त्री मोठा गमत्या माणूस.

"हे बघा ताई," तो म्हणाला, "बसवलेलं यंत्र म्हणजे घरजावई. एकदा आला की हलत नाही. गाडी विकली तरी गाडीबरोबरच जाणार. आणि सुटं म्हणजे पाहुणा. आज या गाडीत, उद्या त्या गाडीत. पण रात्री काचेवर विसरलात तर चोर काच फोडून पाहुणा पळवणार."

"मी घरजावई नाही हं," जावई म्हणाला.

"नाहीच मुळी," लेक म्हणाली. "आमच्याकडे घरसासरे आहेत."

सगळे हसले. मीही हसलो. लेकीकडे राहणाऱ्या बापाला हसायला शिकावं लागतं.

मग मिस्त्रीने दोन्हींतला फरक नीट समजावला. सुट्या यंत्राचा नकाशा घरी संगणकाला जोडून ताजा करता येतो. बसवलेल्याचा नकाशा गाडी जन्मली तेव्हाचा, नवा घालायचा तर खर्चाचं काम. पण सुटं यंत्र आभाळातल्या उपग्रहांवर जगतं. डोंगर आड आला की आंधळं होतं. बसवलेलं मात्र चाकांचे फेरे मोजतं. वर काही दिसत नसलं तरी गाडी कुठे पोचली, हे त्याला कळतं.

"म्हणजे ते आंधळं झालं तरी चालतं?" मी विचारलं.

"चाचपडत चालतं, काका. पण चालतं."

जुन्या मालकाने साठवलेली ठिकाणं त्याने आमच्यासमोर पुसून टाकली. पडदा कोरा झाला.

न्याय काही झाला नाही. दोन्ही यंत्रं गाडीत राहिली. दोन्ही बोलायची. पडद्यातून एक बाई बोलायची, काचेवरून एक पुरुष. चिमणीने त्यांची नावं ठेवली... गाडीतल्या बाई आणि काचेवरचे काका. दोघांचं जमलं नाही की ती टाळ्या पिटायची. "आजोबा, भांडले बघा परत! आईबाबांसारखे!"

तर ती दुपार.

जावई कामासाठी परगावी गेलेला. चिमणी मागच्या पडवीत खेळत होती. एकदम किंचाळली.

गांधीलमाशी. मानेला चावली होती.

आधी आम्ही घाबरलो नाही. मी चावा धुतला, त्यावर बर्फ धरला. "शूर आहेस ना तू?" म्हटलं. तिने मान हलवली.

मग तिचे ओठ सुजायला लागले.

मग डोळे.

मग ती म्हणाली, "आजोबा, गळ्यात काहीतरी अडकलंय."

लेकीने फोन लावला. रुग्णवाहिका धुक्यामुळे पायथ्यालाच अडकली होती. तासभर लागेल म्हणाले. फोनवरची बाई हळूच म्हणाली, "तुमची गाडी असेल तर निघा."

निघालो.

मी मागे, मधल्या जागेवर बसलो. चिमणी माझ्या उजवीकडे, तिच्या छोट्या खुर्चीत, पट्टा लावून. तिचं डोकं मी छातीशी धरलं होतं. डावीकडची जागा रिकामी होती.

ती रिकामी होती. हे मी मुद्दाम दोनदा लिहितोय.

गाडीच्या पुढे धुक्याची भिंत. लेक नाक काचेला लावून चालवत होती. रुग्णालयाचं नाव तिने दोन्ही यंत्रांत घातलं होतं. स्पीकरवरून रुग्णालयाचा फोनही चालू ठेवला होता, कारण तिथली परिचारिका म्हणाली होती, बंद करू नका, मुलीचा श्वास मला ऐकू दे.

चिमणीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. चिवचिव नव्हती. नुसती बारीक शिट्टी.

दुसऱ्या वळणानंतर फाटा आला.

काचेवरचे काका म्हणाले, "सरळ चला."

गाडीतल्या बाई म्हणाल्या, "डावीकडे वळा."

लेकीने ब्रेक मारला.

"बाबा, हा सरळ रस्ता बाहेरून फिरून जातो. पाऊण तास दाखवतोय."

"आणि डावीकडचा?"

"दहाच मिनिटं."

मी मान पुढे काढून काचेवरच्या यंत्रात पाहिलं. डावीकडे त्यात रस्ताच नव्हता. नुसता हिरवा रंग.

"अगं, त्याच्यात हा रस्ता नाहीये. तुझा नकाशा जुना आहे. मिस्त्री काय म्हणाला होता?"

"बाबा, तिच्याकडे पाऊण तास आहे का?"

मी चिमणीकडे पाहिलं. नखं निळी पडायला लागली होती.

एवढी वर्षं शाळेत मुलांना मी एकच शिकवत आलो. उत्तर येत नसेल तर घाई करू नका, प्रश्न पुन्हा वाचा. त्या फाट्यावर प्रश्न पुन्हा वाचायला वेळ नव्हता.

"वळ," मी म्हणालो.

रस्ता होता. खडबडीत, पण होता. चाकांखाली खडी करकरत होती.

थोडं पुढे गेलो आणि काचेवरचे काका म्हणाले, "सिग्नल शोधत आहे..."

पुन्हा, "सिग्नल शोधत आहे..."

मग गप्प झाले. त्यांचा छोटा पडदा काळा.

फोनवरच्या परिचारिकेचा आवाजही तुटायला लागला. बाई तेवढ्या बोलत राहिल्या. हळू. स्पष्ट. सरळ चला. पुढे वळण आहे. सरळ चला.

आणि मग...

"पुढे थांबा आहे."

लेक दचकली. "मी कुठला थांबा घातला नाही."

"पुढे थांबा आहे."

"बाबा, मी खरंच नाही घातला!"

"लक्ष नको देऊ. चालव."

"तुमचा थांबा आला आहे."

आणि गाडी बंद पडली.

धक्का नाही, आवाज नाही. गाडी नुसती थांबली.

लेकीने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. दिवे लागत होते, पडदा चालू होता, पण इंजिन मेलेलं.

"चालू हो ना गं... चालू हो ना..." ती स्टिअरिंगवर मुठी आपटत होती.

बाहेर पांढरं. पक्षी नाही, वारा नाही. फक्त कुठेतरी अगदी जवळ पाणी डुचमळल्यासारखा आवाज.

चिमणीची शिट्टी बारीक झाली.

अजून बारीक.

"बाबा, तिचा आवाज का येत नाहीये? बाबा!"

"येतोय. येतोय गं. तू किल्ली फिरव."

खोटं बोललो. श्वास अडखळत होता. मी तिच्या कानात मोजायला लागलो, "एक म्हण चिमणे, माझ्याबरोबर एक म्हण..."

तेव्हा टकटक झाली.

डावीकडच्या दारावर. काचेवर नाही, काचेच्या बरंच खाली. जिथे लहान मुलाचा हात पोचतो, तिथे.

टक. टक.

मी लेकीकडे पाहिलं. आरशात तिने माझ्याकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

"तुमचा थांबा आला आहे," बाई म्हणाल्या.

"दार उघडू नकोस," मी म्हणालो. "कोणीही असो. उघडू नकोस."

टक. टक.

चिमणीचं डोकं माझ्या हातावर कलंडलं.

आणि माझी लेक ओरडली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि देव करो, पुन्हा ऐकायला न येवो.

"ये! जे कोण असशील ते ये! बस आत! पण माझ्या मुलीला पोचव!"

तिने कुलपाचं बटण दाबलं. चारही दारं खट्कन मोकळी झाली.

दार उघडलं नाही. शपथेवर सांगतो, ते दार हललंही नाही.

फक्त माझ्या डावीकडची गादी... हळूच... खाली दबली.

इंजिन सुरू झालं.

लेकीने गाडी सुसाट सोडली ती सोडलीच. तेवढ्यात टीं टीं टीं सुरू झालं. पडद्यावर लाल चित्र आलं. मागच्या सीटवरच्या कोणीतरी पट्टा लावलेला नाही.

माझा लावलेला होता. चिमणीचा लावलेला होता.

टीं टीं टीं.

"बाबा, बंद करा ते! मला श्वास ऐकू येत नाहीये तिचा!"

तुम्हीही हेच केलं असतं. सगळेच करतात. सीटवर पिशवी ठेवली की गाडी ओरडते, मग आपण पिशवीभोवती पट्टा अडकवून तिला गप्प करतो. मी डावा हात लांबवला, रिकाम्या जागेवरून पट्टा ओढला आणि खाचेत दाबला.

टीं टीं थांबलं.

पण पट्टा सीटला चिकटला नाही.

तो फुगलेला राहिला. मधे हवेवर. एखाद्या लहान पोटावरून गेल्यासारखा. आणि वर-खाली होत होता.

माझी डावी बाजू गार पडली. ओल्या कपड्यातलं मूल टेकून बसावं, तशी.

रुग्णालयाच्या दारात आम्ही कधी पोचलो, मला आठवत नाही. हात पुढे आले, चिमणीला उचललं, आत नेलं. इंजेक्शन दिलं. नळी घातली. काचेच्या दरवाजाबाहेर माझी लेक जमिनीवरच बसली होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. "वाचली," म्हणाल्या. "अजून पाच मिनिटं उशीर झाला असता तर..."

 

तेवढ्यात फोनवरची ती परिचारिका आली. हातात चादर.

"दुसरी कुठे आहे?"

"कोण दुसरी?" मी विचारलं.

"दुसरी मुलगी. फोनवर दोघींचा आवाज येत होता ना. एकीचा श्वास घुसमटत होता. आणि दुसरी सारखी म्हणत होती, थंडी वाजतेय, थंडी वाजतेय. म्हणून मी चादर घेऊन आले."

लेकीने माझा हात धरला. 

जावई आला, सगळं ऐकलं, आणि धुकं विरल्यावर तो फाटा शोधायला गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"फाटा आहे," तो म्हणाला. "पुढे दगडाची जुनी खाण आहे. पाण्याने भरलीये. आणि रस्ता..." तो पाणी प्यायला. "बाबा, रस्ता खाणीत कोसळलाय. कधीचाच. कडेला झुडपं वाढलीयेत. माणूसही पलीकडे जाऊ शकत नाही."

"मग आम्ही गेलो कुठून?"

 

आता यंत्रांचा वाद राहिलाच नव्हता. "ते बसवलेलं काढून टाका," लेक मिस्त्रीला म्हणाली. मिस्त्री म्हणाला, ते असं निघत नाही, दिवे, पंखा, सगळं त्याच्यातूनच जातं. मग त्याने निदान पडद्याच्या आणि बाईंच्या आवाजाच्या वायरी कापल्या. पडदा विझला. बाई गप्प झाल्या.

डावीकडचा पट्टा मात्र आम्ही लावलेलाच ठेवला. सोडला की टीं टीं सुरू व्हायचं. मिस्त्रीने सीटखालचा सेन्सर बदलला. तरी सुरू.

"काका," मिस्त्री या वेळी हसला नाही, "सेन्सर दोन्ही चांगले आहेत. या सीटवर वजन आहे."

चिमणी घरी आली. बरी झाली. खायला-प्यायला लागली. पण एक दिवस ती घरात सापडेना. शोधलं तर उभ्या गाडीत, मागे बसलेली. कुजबुजत होती.

"कोणाशी बोलतेस गं?"

"आजोबा, तिला घरी जायचंय. पण तिला रस्ता येत नाही." मग डोळे मोठे करून म्हणाली, "ती म्हणते, मी तुला पोचवलं, आता तू माझ्याबरोबर चल."

त्याच संध्याकाळी चिमणीला पुन्हा धाप लागली. माशी नाही, काही नाही. गाडीपासून लांब नेलं की थांबायची. दुसऱ्या दिवशी गाडीपासून लांब नेलं, तरी लगेच थांबली नाही.

तिसऱ्या दिवशी ती झोपेत म्हणाली, "थंडी वाजतेय."

लेक माझ्यासमोर उभी राहिली. रडून रडून डोळे कोरडे झालेले. "बाबा, मीच बोलावलं तिला. मी काय करू? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

लेक लहानपणी कुठलाही प्रश्न घेऊन आली, तरी मी कधी तिला रिकाम्या हाती पाठवलं नव्हतं.

"तू काही करू नकोस," मी म्हणालो. "गाडी मी भंगारात नेऊन देतो."

भंगारवाल्याच्या आवारात गाड्यांचे ढीग होते. वरून लोखंडी पंजा खाली येत होता, गाडी उचलत होता, आणि पलीकडचं यंत्र तिचा चपटा ठोकळा करत होतं. आमची गाडी रांगेत लावली. भंगारवाला म्हणाला, "आजोबा, सामान राहिलं असेल तर काढून घ्या."

मी मागचं दार उघडलं.

पट्टा तसाच. फुगलेला. पण आता वर-खाली जोरात होत होता. भराभर. घाबरलेल्या मुलाचं पोट होतं, तसा.

खरं सांगतो, मी दार लावून निघून जायला हवं होतं. त्याचसाठी आलो होतो. पण तो पट्टा मी लावला होता. कोणाच्या तरी लेकराला माझ्या हाताने बांधून मी त्या पंजाखाली सोडून जाऊ?

नाही जमलं मला.

मी वाकून बटण दाबलं. पट्टा सुटला, सर्रकन आत गेला.

"उतर बाळ," मी म्हणालो. "घाबरू नकोस. चिमणीकडे नाही जायचं. माझ्याबरोबर चल."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गादी हळूच वर आली. आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी गार पडली.

परत यायला बस धरली. गर्दी होती. लोक दांड्याला लटकलेले. मला दोघांचा बाक मिळाला. मी उजवीकडे सरकून बसलो. डावीकडची जागा मोकळी.

एक बाई आली, बसायला वाकली, थबकली. "अय्या, बसलंय होय कोणीतरी," म्हणून पुढे गेली. मग एक विद्यार्थी. तोही वाकला, ओशाळला, उभा राहिला.

अख्ख्या प्रवासात त्या जागेवर कोणी बसलं नाही.

आमच्या वसाहतीचा थांबा आला. खिडकीतून लेक दिसली. चिमणीला कडेवर घेऊन मला न्यायला आली होती. चिमणीने मला पाहिलं आणि हात हलवायला लागली.

करंगळीवरची पकड घट्ट झाली.

मी उतरलो नाही.

बस सुटली. लेक बसमागे थोडी धावली. "बाबा! अहो बाबा!" मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलो असतो.

शेवटच्या थांब्याजवळ एक खोली भाड्याने घेतली आहे. तिथूनच हे लिहितोय. चिमणी त्या दिवसापासून ठणठणीत आहे. धाप नाही, थंडी नाही. शाळेत जाते. चिवचिव परत आली आहे, असं लेक सांगते.

इथे मी गोष्टी सांगतो. बाराखडी म्हणतो, पाढे म्हणतो. दमून गप्प बसलो की पलंगाची डावी बाजू दबते, आणि मग बारीक आवाजात, थंडी वाजतेय...

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

काल चिमणीचा फोन आला होता.

"आजोबा, रागावलात का?"

"नाही गं माझे राणी."

"मग घरी या ना."

मी पलंगाच्या डाव्या बाजूकडे पाहिलं.  पलीकडून ती म्हणाली,

"आजोबा, तिला सांगा ना. सांगा, मी चिमणीचा आजोबा आहे म्हणून."

मी तोंड उघडलं.

पण माझ्या डाव्या कानाजवळ कोणीतरी श्वास धरून ऐकत होतं... मी काय म्हणतोय ते.

मी फोन ठेवून दिला.